‘दोष यंत्राचा नव्हता, हाताचा होता’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुझी प्रतिक्रिया दोनदा वाचली. बॅटरीवरच्या सुरुवातीच्या मॉडेल हेलिकॉप्टरांवरचा माझा लेख तुला रडगाणं वाटला. तुझं म्हणणं असं, की जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी १९७०च्या सुमारास रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर व्यवस्थित उडवून दाखवलं होतं. मग तीस वर्षांनंतर इंदुरात तुम्हाला ते एका जागी धरता येत नव्हतं, तर दोष हाताचा. शिवाय तुझा बारा वर्षांचा भाऊ पाच मिनिटांत ड्रोन शिकला. ‘काका’ म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो.

श्ल्यूटर यांचं यंत्र इंजिनावर चालायचं. एक किलो मिथेनॉलमध्ये साधारण साडेपाच हजार वॉट-तास ऊर्जा असते. आमच्या निकेल सेलांत किलोमागे पन्नास-साठ. छोटं इंजिन त्यातली नव्वद टक्के वाया घालवतं असं धर, तरी जवळपास दहापट फरक उरतो. आणि हेलिकॉप्टर नुसतं जागेवर तरंगत असलं तरी त्याचं सगळं वजन मोटरच्याच जिवावर असतं. विमानासारखे पंख नाहीत भार घ्यायला. माझं यंत्र तीनशे ग्रॅमच्या आतलं, त्यातला तिसरा हिस्सा बॅटरी: आठ सेल, ९.६ व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर-तास. तरंगायलाच सहा-साडेसहा अँपिअर लागायचे. म्हणजे पाच मिनिटं, आणि त्यातही शेवटचं मिनिट मरगळलेलं. वर आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर. मे महिन्यात पारा ४२ला गेला की इथली हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा जवळजवळ एक सप्तमांशाने विरळ होते. हिवाळ्यात दसरा मैदानावर अलगद उचलणारं यंत्र उन्हाळ्यात जमीन सोडायला का कुरकुरायचं, ते यावरून कळेल.

पण खरी परीक्षा शेपटीची, आणि तिच्याबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस. मागच्या पंख्याला वेगळी चिमुकली मोटर होती. मुख्य मोटरला जोर दिला की धड उलट्या बाजूला फिरू पाहतं, म्हणून मागच्या मोटरलाही त्या प्रमाणात जोर मिळेल असं मिश्रण, म्हणजे दोन्ही मोटरींच्या जोराचं ठरावीक प्रमाण, लावावं लागे. पहिल्या मिनिटाला ते अगदी अचूक जुळवलेलं असायचं. मग बॅटरीचा दाब (व्होल्टेज) उतरे, दोन्ही मोटरींचं प्रमाण हले, आणि तिसऱ्या मिनिटाला नाक आपोआप वळायला लागे. यंत्राचं वळणं ओळखून शेपटीची मोटर सावरणारा जायरो होता, पण तो वळण्याचा वेग फक्त मंदावायचा, दिशा धरून ठेवायचा नाही. शिवाय तापमान बदललं की त्याचा शून्य सरकायचा, म्हणजे यंत्र स्थिर असतानाही ते वळतंय असं त्याला वाटायचं. म्हणून रामबागेतल्या घरातून पहाटे मैदानावर आलो, की यंत्र चालू करून काही मिनिटं गार हवेत नुसतं ठेवून द्यायचो. सतत फिरणारी ती शेपटीची मोटर पन्नास-साठ उड्डाणांत जळायची. हे सगळं हाताच्या चुकीत कसं बसवणार?

तुझ्या भावाचं कौतुकच आहे. पण ड्रोनमधला संगणक सेकंदाला शेकडो वेळा तोल सावरतो. रिमोटची स्टिक सोडली की ड्रोन सपाट होतो. आमच्या यंत्रात मुख्य पंख्याच्या वरची वजनदार दांडी हेलकावे संथ करायची, एवढंच. स्टिक सोडली की यंत्र कलंडलंच. पात्यांचा कोनही पक्का होता. वर-खाली करायचं ते फक्त फिरण्याचा वेग बदलून, आणि पाती तो वेग लगेच धरत नाहीत. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, ते वेगळंच.

एका बाबतीत तुझं बरोबर आहे. संगणकावरच्या सिम्युलेटरवर महिनाभर हात बसवला असता तर पात्यांच्या निम्म्या जोड्या वाचल्या असत्या. आणखी एक चूक आम्ही सगळ्यांनीच केली: भीतीपोटी यंत्र फूटभर उंचीवर धरायचो. तिथे ते पात्यांनी खाली ढकललेल्या, जमिनीवर आपटून उसळणाऱ्या हवेत डुचमळत राहतं. मीटरभर वर नेलं की एकदम शांत होतं. पण हे कळायला, यंत्र कलंडू नये म्हणून खाली आडव्या काड्या आणि टेबल टेनिसचे चेंडू बांधून कितीतरी सकाळी घालवाव्या लागल्या.

शेवटी विचारलंस, तसलं जुनं यंत्र मिळालं तर लिथियम बॅटरीवर उडेल का. उडेल, आणि तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट वेळ. तीन सेलांची बॅटरी लाव, पण भरलेली असताना तिचा दाब १२.६ व्होल्ट असतो, म्हणून मुख्य मोटरवरचं दातेरी चाक लहान घे. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या स्पीड कंट्रोलरला लिथियम कळत नाही. सेलमागे तीन व्होल्टच्या खाली गेलं तरी तो मोटर थांबवणार नाही आणि बॅटरी कायमची खराब होईल. तेव्हा घड्याळ लावून उडव आणि चार मिनिटांनी उतरव. सेलांचा दाब मोजून बघ, मगच वेळ वाढव.