नक्की कुठला भाग खरा?

‘टर्मिनेटर’ सिनेमावाल्यांनी एकदाचं ठरवावं, कुठला भाग खरा मानायचा ते! १९९१चा दुसरा भाग म्हणजे कळस. मग २००३, २००९ आले. २०१५मध्ये भूतकाळच बदलला. २०१९चा ‘डार्क फेट’ तर म्हणे, दुसऱ्यानंतरचं सगळं विसरा. अहो, तिकिटाचे पैसेही विसरू का? वर ज्या जॉन कॉनरला, म्हणजे माणसांच्या भावी नेत्याला, वाचवायला एवढा आटापिटा केला, त्यालाच सुरुवातीला उडवला. (आता कसला स्पॉयलर!)

आणि आमच्या नाशकात असल्या सिनेमांचा इंग्रजी खेळ कधी? रात्री पावणेअकराला. दिवसभर हिंदी डबिंग. दीड वाजता डोळे चोळत गंगापूर रोडने घरी यायचं, दार उघडताना आई विचारणार, “संपला का एकदाचा?” काय सांगू तिला?