खुलासा: घरच्या गॅसवर शिसं वितळवू नका

नागपुरातल्या गळ टाकणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘शिसं ३२७ अंशांना वितळतं, उकळतं १७४९ ला. म्हणजे वाफ होतच नाही, घरी बिनधास्त गळाला बांधायची वजनं ओता.’ आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चूक. वाफ कमी असते हे खरं, पण वर जमणारी करडी साय म्हणजे शिशाचा ऑक्साइड. ती काढताना भुकटी उडते, ओट्यावर, हातांवर बसते आणि तिथून लेकरांच्या पोटात जाते. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितोय. शिवाय पावसाळ्यात साच्यात थेंबभर ओल राहिली, तरी तिची क्षणात वाफ होऊन तापलं शिसं तोंडावर उडतं. जुन्या बॅटरीच्या प्लेटा तर वितळवूच नका. गळाला लोखंडी नट बांधला तरी काम भागतं.