खुलासा : 'सेरेंडिपिटी' आणि मराठीचं कथित दारिद्र्य

दादर-गिरगावकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय : 'सेरेंडिपिटी' (शोधत नसताना अवचित काही चांगलं गवसणं) हा अस्सल इंग्रजी शब्द, मराठीत त्याच्या आसपासचंही काही नाही.

अस्सल कसला! इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलने १७५४ साली एका पत्रात तो घडवला, सेरेंदीपच्या तीन राजपुत्रांच्या फारसी गोष्टीवरून. सेरेंदीप म्हणजे श्रीलंका. नावाचं मूळ संस्कृत 'सिंहलद्वीप'.

आणि मराठीत काकतालीय न्याय आहे : कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. घुणाक्षर न्याय आहे : किडा लाकूड पोखरत जातो आणि न कळत अक्षर उमटतं. मात्र यांत नुसता योगायोग येतो. वॉल्पोलला तो हेरणारी चाणाक्ष नजरही अभिप्रेत होती. फॉरवर्ड खरा आहे तो एवढ्यापुरताच. 'घबाड' सुचवणाऱ्यांनो, त्यात पैसाच फार!