‘दिल्ली’ने ग्राफ श्पे बुडवली नाही, आणि आल्बुकर्क तर नाहीच

मामांचे फॉरवर्ड मी एरवी उघडतसुद्धा नाही. पण हा भाच्याने गोवा मुक्तिदिनाच्या चार्टपेपरवर शब्दन् शब्द उतरवला, म्हणून बसलोय लिहायला. म्हणे, ‘आयएनएस दिल्लीने १९३९ साली भारतीय खलाशांच्या जोरावर जर्मन युद्धनौका ग्राफ श्पे बुडवली, १९६१ साली गोव्यात पोर्तुगीज युद्धनौका आल्बुकर्क बुडवली, सिनेमात काम केलं आणि आजही ती मुंबईत दिमाखात उभी आहे.’

१९३९ साली ती ‘दिल्ली’ नव्हतीच. न्यूझीलंडकडे असलेली ‘अकिलीस’ नावाची ब्रिटिश लाइट क्रूझर, म्हणजे हलक्या तोफांची युद्धनौका होती, निम्म्याहून अधिक खलाशी तिकडचेच. आपल्याकडे आली १९४८ मध्ये. ग्राफ श्पेच्या अकरा इंची तोफांसमोर सहा इंची तोफा घेऊन ती भिडली, चार माणसं गमावली, हे मान्य. पण सोबत अजॅक्स आणि एक्झेटर या आणखी दोन ब्रिटिश क्रूझर होत्या, आणि ग्राफ श्पे बुडवली तिच्याच कप्तानाने, लढाईनंतर चार दिवसांनी, उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदराबाहेर स्फोट घडवून.

खरा संताप गोव्याच्या वाक्याचा. नौदलाचा अधिकृत इतिहास उघडा. १८ डिसेंबर १९६१ ला ‘दिल्ली’ होती दीवला, तिथल्या किल्ल्यावर तोफा डागत. दीव सौराष्ट्राच्या टोकाला, आल्बुकर्क मुरगावच्या बंदरात. मधे अख्खी कोकणपट्टी! आल्बुकर्कवर तुटून पडल्या आपल्या ‘बेटवा’ आणि ‘बियास’, दोन फ्रिगेटी, म्हणजे क्रूझरहून लहान युद्धनौका. पोर्तुगीज कप्तान जखमी झाला आणि जहाज बांबोळीजवळ किनाऱ्याला लागलं. म्हणजे बुडालंही नाही. ज्यांनी लढाई केली त्यांचं नाव पुसून आपण कुणाचा अभिमान मिरवतोय?

सिनेमाचं तेवढं खरं. १९५६ च्या ब्रिटिश चित्रपटात तिने अकिलीसचं, म्हणजे स्वतःचंच काम केलं.

‘आजही उभी’? १९७८ ला निवृत्त झाली, मग भंगारात गेली. तिचा एक टरेट, म्हणजे तोफांचा फिरता बुरूज, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नौदल तळावर आहे. फॉरवर्डसोबत आलेल्या, चार्टवर चिकटवलेल्या फोटोतल्या जहाजाच्या कुशीवर ‘डी ६१’ हा क्रमांक स्पष्ट दिसतोय. ती माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९९७ ची दुसरी ‘दिल्ली’. फॉरवर्ड करण्याआधी नुसता झूम केला असता तरी कळलं असतं.

फोटो उपटताना डिंकाबरोबर चार्टही सोलला. चार्ट सोमवारी द्यायचाय. त्या जागी ‘बेटवा’ लावू म्हणतोय. कुणाकडे १९६१ च्या आसपासचा बरा फोटो असेल तर पाठवा.