सेडान खपत नाही म्हणे! आधी बदला तरी

"सेडानला आता मार्केट राहिलं नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी. कुठल्याही शोरूममध्ये जा, कुठल्याही गाडीवाल्या शहाण्याला विचारा, एकच पालुपद. लोकांना एसयूव्ही हवी म्हणे. मग २०१८ साली देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी कुठली होती हो? मारुतीची सेडान, डिझायर. तीही आल्टोला मागे टाकून. आणि २०२५ मध्ये? परत डिझायरच! क्रेटा, नेक्सॉन, पंच या सगळ्या एसयूव्ही मागे.

आता तारखा बघा. डिझायरचा तिसरा अवतार आला मे २०१७ मध्ये, चौथा नोव्हेंबर २०२४ मध्ये. म्हणजे गाडी खरोखर नवी केली की पुढच्याच वर्षी पहिला नंबर. एकदा नाही, दोनदा. टॅक्सीवाले घेतात, हे मान्य. २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, हेही मान्य, पण तो सप्टेंबरअखेर आला. तोपर्यंत लोक काय देव्हाऱ्यात ठेवायला डिझायर घेत होते?

बाकीच्यांनी काय दिवे लावले ते बघा. टाटांच्या २०१७ सालच्या दोन गाड्या घ्या, टिगोर ही सेडान आणि नेक्सॉन ही एसयूव्ही. नेक्सॉनचा चेहरा २०२० मध्ये बदलला, २०२३ मध्ये तर आतून-बाहेरून अशी पालटली की जुनी शेजारी उभी केली तर ओळख पटू नये. आणि टिगोर? बंपर बदलला, दिवे बदलले, २०२५ मध्ये मोठा स्क्रीन चिकटवला. दारं तीच, काचा त्याच, अंगकाठी तीच. याला नवी गाडी म्हणणं म्हणजे पडक्या वाड्याच्या दर्शनी भिंतीला डिस्टेंपर मारून 'नवीन बांधकाम' अशी पाटी लावणं. ह्युंदाईचंही तेच. व्हेन्यू ही एसयूव्ही २०१९ ला आली, २०२२ ला चेहरा बदलला, नोव्हेंबर २०२५ मध्ये अख्खी नवी पिढी आली. त्यांची सेडान ऑरा २०२० ची. तिच्या वाट्याला २०२३ मध्ये नवं नाक आणि दिव्यांच्या दोन पट्ट्या. सावत्र मुलगी आहे का ती?

आणि मारुतीची सियाझ! ऑक्टोबर २०१४ मध्ये आली. मागच्या सीटवर पाय पसरून बसावं अशी जागा, त्या पैशात दुसरं काही मिळत नव्हतं. २०१८ मध्ये एकदा रंगरंगोटी केली आणि मग विसरून गेले. २०२५ मध्ये बंद. कारण काय, तर खप नाही. अहो, दहा वर्षं तीच साडी नेसवून मुलगी दाखवायला बसवलीत आणि म्हणता स्थळं येत नाहीत! आधी बदलायची नाही, मग खपली नाही म्हणून मारून टाकायची आणि वर गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडायची. होंडाचं त्यातल्या त्यात बरं. अमेझ २०१३, २०१८, २०२४. पाच-सहा वर्षांनी का होईना, पूर्ण बदलतात. पण तिथेही नवी आणल्यावर जुनी बंद केली नाही, दोन्ही शेजारी शेजारी विकत बसले. नव्या अमेझवाल्याला चारचौघांत "ही जुनी का नवी?" याचं उत्तर देत बसावं लागतं.

बरं, बदलतात तेव्हा काय बदलतात? सनरूफ! डिझायरला सनरूफ दिलं. नागपूरच्या मे महिन्यात सनरूफ उघडून काय पापड वाळवायचे? मुलाबाळांना हवं असतं म्हणे. त्याच बदलात चार सिलिंडरचं गुळगुळीत इंजिन काढून तीन सिलिंडरचं बसवलं. कागदावर मायलेज २४.७९, छान आहे. पण सिग्नलला उभं राहिल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवा, थरथर जाणवली की कळेल गेलं काय ते. अमेझमध्ये अजून चार सिलिंडरचं इंजिन आहे, डिकीसुद्धा ४१६ लिटरची, डिझायरची ३८२. पण अमेझला कंपनीतून सीएनजी नाही, आणि सीएनजी नसेल तर पुणे-मुंबई रोज करणारा माणूस तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

डिकीचं निघालंच आहे तर ऐका. या सगळ्या गाड्यांचं मूळ दुखणं २००६ च्या बजेटमध्ये आहे. चार मीटरच्या आतली लांबी, पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आतलं इंजिन, की टॅक्स कमी. २००८ मध्ये टाटांनी आपल्या इंडिगो सेडानची शेपटी कापून इंडिगो सीएस काढली आणि सगळ्यांना रस्ता सापडला. पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर होती, २०१२ मध्ये ती ३९९५ झाली. हे १६५ मिलिमीटर कुठून गेले? ड्रायव्हरच्या पायापासून नाही हो, मागून गेले. गणपतीला गावी निघा म्हणजे समजेल. दोन मोठ्या बॅगा, आईची औषधांची पिशवी, मखराचं सामान, आणि परतीला तांदळाचं अर्धं पोतं. डिकीचं झाकण लावायला गेलं की त्याचे ते वाकडे बिजागर आत घुसून नेमके बॅगेच्या हँडलवर बसतात. झाकण बोटभर वर राहतं. मग सगळं उपसायचं, बॅग आडवी करायची, परत दाबायचं. सीएनजी असेल तर विषयच संपला. मधोमध सिलिंडर, बाजूला जेमतेम दोन पिशव्या. टाटांनी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी झोपवले, तेव्हा मला वाटलं होतं की आता बाकीचे लाजेकाजेस्तव तरी नक्कल करतील. डिझायरमध्ये अजूनही ते धूड तसंच बसलंय. सनरूफसाठी डोकं चाललं, सिलिंडरसाठी नाही चाललं.

पुण्याहून रत्नागिरीपर्यंत मागच्या मधल्या जागेवर बसून दाखवा. फरशीवरचा उंचवटा, समोर एसीचा डबा, गुडघे कानाला. कुठल्याही नव्या मॉडेलच्या जाहिरातीत त्या जागेवर माणूस बसलेला दाखवत नाहीत. आमच्याकडे तिथे नेहमी धाकटा बसतो आणि खंबाटकी येईपर्यंत भांडण सुरू होतं.

सगळ्यात संताप येतो तो सुरक्षेचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, नव्या डिझायरला पाच स्टार दिले. मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. अभिनंदन, मनापासून. पण मग ज्यांनी ऑक्टोबरपर्यंत जुनी घेतली, त्यांच्या डोक्याची किंमत काय कमी होती? ग्रिल बदलायला सात वर्षं थांबा, मला काही फरक पडत नाही. पत्रा मजबूत करायचा असेल, एअरबॅग वाढवायच्या असतील, तर त्याला नव्या पिढीचा मुहूर्त कशाला लागतो?

आणि ही लपवाछपवी! माझ्या मावसभावाने मुहूर्त बघून गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. हप्ता सुरू, नारळ फुटला, पेढे वाटले. पहिल्या सर्व्हिसिंगला गेला तर शोरूमच्या काचेमागे, फिरत्या चौथऱ्यावर, झेंडूच्या माळा घालून नवं मॉडेल उभं! ज्या पोराने त्याला गाडी विकली, तोच तिथे लोकांना पेढे देत होता. यालाही दिला. "आम्हालाही माहीत नव्हतं, सर." अरे, झाकलेल्या गाड्या चाचणीसाठी घाटातून पळताना शेंबड्या पोरांनी फोटो काढलेत आणि तुला माहीत नव्हतं? तीन महिने आधी सांगितलं तर जुना माल पडून राहील, ही भीती. मग किंमत उतरवा आणि खरं सांगून विका! घेणारे घेतील. आता त्याची गाडी विकायला काढली की दलाल पहिलं वाक्य बोलतो, "जुना शेप आहे."

जुना शेप मग इतकी वर्षं जायचा कुठे? टॅक्सीत. मारुतीची टूर एस घ्या किंवा ह्युंदाईची एक्सेंट प्राइम, घरच्या ग्राहकांची नवी गाडी आली की जुनी टॅक्सीवाल्यांसाठी चालू राहायची. त्यांना स्वस्तात टिकाऊ गाडी मिळायची, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्ण पैसे मोजून तुमची-आमची घेतलेली पांढरी गाडी स्टेशनबाहेर उभी केली की कुणीतरी मागचं दार उघडून आत बसतो आणि ओटीपी सांगायला लागतो. परवा एका काकूंनी तर मला "एसी वाढवा जरा" म्हणून सांगितलं.

माझं म्हणणं फार नाही. सहा वर्षांत एकदा अंगासकट गाडी बदला. मधल्या काळात क्रोमचा एकही तुकडा नाही लावलात तरी चालेल. सुरक्षेचं जे असेल ते तयार झालं की त्याच महिन्यात द्या, सगळ्यात खालच्या मॉडेललासुद्धा. नवी येणार असेल तर तोंडाने सांगा.

सध्या मी परत सेडानच बघतोय, कारण आईला एसयूव्हीत चढताना गुडघा दुखतो. तर सेल्समन रोज सकाळी मेसेज करतोय, "सर, महिनाअखेरपर्यंत बुक करा, खास ऑफर आहे." अचानक एवढी खास ऑफर कशाला? त्याला म्हटलं, आधी चेसिस नंबर पाठव, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघतो. तेव्हापासून निळी टिक दिसतेय, उत्तर नाही.