सिल्व्हरचेअरचा ‘फ्रीक शो’ ओलांडून पुढे जाऊ नका

सिल्व्हरचेअर या रॉक बँडचा विषय निघाला की लोक ‘फ्रॉगस्टॉम्प’ या पहिल्या अल्बमवरून थेट तिसऱ्या ‘निऑन बॉलरूम’वर जातात. मधला ‘फ्रीक शो’ म्हणजे पहिल्याच अल्बमची री ओढलेली, असा समज पक्का बसलाय. मला तो साफ चुकीचा वाटतो. गाणं बांधायचं कसं, हे या बँडला कळलं ते इथेच.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासलची ही तीन शाळकरी पोरं: डॅनियल जॉन्स, बेन गिलीस, क्रिस जोआनू. पहिला अल्बम १९९५चा, नऊ दिवसांत रेकॉर्ड झालेला. दुसऱ्याला केव्हिन शर्लीच्या जागी निक लॉने आला, मिडनाइट ऑइल या बँडबरोबर काम केलेला निर्माता. रेकॉर्डिंग १९९६मध्ये, शाळा सांभाळून. मिक्सिंग अँडी वॉलेसचं, म्हणजे निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ मिक्स करणारा माणूस. १९९७मध्ये अल्बम ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला, पण अमेरिकेत विक्रीच्या मानांकनात पहिला अल्बम डबल प्लॅटिनम झाला होता आणि हा त्याखालच्या गोल्डवर थांबला. ‘पडेल’ हा शिक्का तिथूनच बसला असावा.

‘स्लेव्ह’, ‘फ्रीक’, ‘अब्यूज मी’ ही सुरुवातीची तीन गाणी ऐकून बरेचजण मत बनवून मोकळे होतात. खरी गंमत त्यापुढे आहे. ‘लाय टू मी’ दीड मिनिटाच्या आत संपतं, आणि थोड्याच वेळात ‘सेमेटरी’ला व्हायोलिन-चेलो येतात. शफल लावलंत तर हा चढउतार हाती लागतच नाही.

आपल्या कानांनी तर दहावं गाणं आवर्जून ऐकावं: ‘पेट्रोल अँड क्लोरीन’. सोबतीला सतार आणि तबला. रॉकमध्ये तबला घालणं दिसतं तितकं सोपं नाही. डग्ग्याचा घुमारा आणि बेस गिटार दोघंही खालच्या पट्ट्यात, त्यामुळे जोरात वाजलं की डग्गा गिळला जातो आणि उरते नुसती चाटीची टकटक. शिवाय तबला एकाच स्वराला लावलेला. गिटार अर्धा स्वर उतरवली की गट्टे ठोकून तबलाही उतरवावा लागतो, नाहीतर ‘ना’ बेसूर लागतो. इथे गिटार अकूस्टिक ठेवलीय, म्हणून तबल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, डग्गा गायब होईल. हेडफोन लावा.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी थोडं. अशा जड रिफसाठी (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीसाठी) सहावी, सगळ्यांत जाड तार ई वरून डी वर उतरवतात. मग जाड तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉकमधला भरदार दोन स्वरांचा कॉर्ड, तयार. पण तार बारीक असेल तर ती सैल पडते, पडद्यांवर खडखडते आणि जोरात छेडली की क्षणभर सूर वर चढतो. सहावी तार ५२ची (०.०५२ इंच जाडीची) घाला आणि मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर लागतो का, ते पुन्हा तपासा. नेमकी पट्टी मात्र रेकॉर्डला लावून कानानेच जुळवा. अँपचा गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) हवा त्यापेक्षा थोडा कमीच ठेवा, नाहीतर रिफमधले थांबे भरून जातात आणि सगळा जोर त्या थांब्यांतच असतो.

आणि एक करून बघा. ‘सेमेटरी’ संपल्या संपल्या ‘निऑन बॉलरूम’मधलं ‘इमोशन सिकनेस’ लावा, डेव्हिड हेल्फगॉटच्या पियानोचं. मधे दोन वर्षं गेलीत, पण धागा तोच आहे.