पार्किन्सन थांबवणारं इंजेक्शन: मेसेजमध्ये खरं किती?

दादर-गिरगावच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डायबेटिसच्या इंजेक्शनने पार्किन्सन जागच्या जागी थांबतो. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येतात. लेव्होडोपा पाच वर्षांत निकामी होते, आजच बंद करा.’ (लेव्होडोपा म्हणजे पार्किन्सनवरची नेहमीची गोळी.)

इंजेक्शनची गोष्ट अगदीच हवेतली नाही. 2024 मध्ये फ्रान्समधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. लिक्सिसेनाटाइड हे डायबेटिसचं इंजेक्शन घेणाऱ्यांची हालचाल वर्षभर जवळपास होती तशीच राहिली, बाकीच्यांची 132 गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे 3 गुणांनी खालावली. फरक छोटा, रुग्ण 156, आणि औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना मळमळ. पुढे 2025 मध्ये त्याच कुळातल्या एक्सेनाटाइडची ब्रिटनमधली चाचणी आली. 96 आठवडे औषध देऊनही काही फायदा दिसला नाही. मेसेजमध्ये ही दुसरी बातमी नाही.

मेलेल्या पेशी परत आल्याचं यातल्या एकाही चाचणीने दाखवलेलं नाही. धडपड आहे ती उरलेल्या पेशी वाचवण्याची.

खरा संताप येतो तो शेवटच्या वाक्याचा. लेव्होडोपा (आपल्याकडे घरोघरी सिंडोपा) पाच वर्षांत निकामी होत नाही. आजार वाढतो तसा एका गोळीचा असर लवकर उतरू लागतो. मग डॉक्टर वेळा आणि डोस बदलतात. लवकर सुरू केल्याने नुकसान होतं का, हे नेदरलँड्समध्ये 445 रुग्णांवर तपासलं गेलं. 2019 च्या त्या निष्कर्षांत आजार मंदावलाही नाही आणि बळावलाही नाही. आमच्या चाळीतल्या एका काकांनी असाच मेसेज वाचून गोळ्या सोडल्या. काही दिवसांत त्यांना अंथरुणात कूस बदलता येईना, शर्टाची बटणं काकू लावून द्यायच्या. ते वेळेत डॉक्टरांकडे पोहोचले. गोळ्या अचानक तोडल्या तर प्रचंड ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं, भ्रम, अगदी मृत्यूही ओढवू शकतो.

आशा मला आहे, आणि ती सोडू नका. खोकल्याच्या औषधातल्या अँब्रॉक्सॉलची पार्किन्सनसाठी ब्रिटनमध्ये मोठी चाचणी आखली गेली आहे. पण उद्या ‘खोकल्याचं सिरप प्या’ असा मेसेज आला तर लक्षात ठेवा: आधीच्या छोट्या अभ्यासात डोस दिवसाला 1.26 ग्रॅमपर्यंत नेला होता, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सिरपच्या एका चमच्यात काही मिलिग्रॅमच असतात.

नवं औषध येईपर्यंत व्यायाम, फिजिओथेरपी आणि वेळेवर गोळ्या. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण आणि घरच्यांसाठी मदतगट चालवते. मेसेज पुढे पाठवण्याऐवजी तिचं नाव पाठवा.